नवीन सॉफ्टवेअरचे व्हेरिएबल बॅशआरसीत टाकण्याची सवय आता सोडायला हवी

शेलबंद
लिनक्सवर ऑप्ट डिरेक्टरीखाली जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) किंवा तसलं काही उलगडलं की सल्ला ठरलेला: बॅशआरसीत, म्हणजे बॅश या शेलच्या (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंग फाइलीत, एक्स्पोर्टच्या (व्हेरिएबल पुढच्या प्रोग्रामना देणाऱ्या) दोन ओळी टाका. माझा याला विरोध आहे. ती फाइल फक्त इंटरॅक्टिव्ह, म्हणजे समोर बसून टाइप करण्याच्या बॅशसाठी आहे. डेबियन-उबुंटूत तर तिच्या सुरुवातीलाच ‘शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत’ अशी अट असते. म्हणून टर्मिनलमध्ये इको (मूल्य छापणारी कमांड) केलं की जावा-होम (जावा कुठे आहे ते सांगणारं व्हेरिएबल) दिसतं, पण मेनूतून उघडलेल्या आयडीईला (कोड लिहायच्या प्रोग्रामला) आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनला त्याचा पत्ताच नसतो.

नुसती कमांड चालायला हवी असेल तर यूएसआर-लोकल-बिनमध्ये सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) पुरते, ती डिरेक्टरी सहसा पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीत, असतेच. व्हेरिएबल लागतच असेल तर तिथेच रॅपर स्क्रिप्ट (मूळ प्रोग्राम आतून चालवणारी छोटी स्क्रिप्ट) ठेवा: शीबँग (कोणत्या शेलने चालवायचं ते सांगणारी पहिली ओळ), एक्स्पोर्ट, शेवटी एक्झेक (शेलची जागा प्रोग्रामला देणारी कमांड), मूळ बायनरीचा पूर्ण पाथ आणि दुहेरी अवतरणात डॉलर-ॲट (कमांडला दिलेले सगळे आर्ग्युमेंट). एक्झेक राहिलं तर मध्ये एक शेल लटकत राहतो आणि किलचा सिग्नल त्यालाच जाऊन बसतो. अवतरण राहिलं तर स्पेस असलेली फाइलनावं तुटतात.

प्रोफाइलवाला
बॅशआरसीबद्दल सहमत, रॅपरबद्दल अजिबात नाही. जावा-होम काय एकट्याला लागतं? मावेन, ग्रेडल, टॉमकॅट ही जावाची साधनं, सगळी तेच शोधतात. किती रॅपर लिहिणार? ईटीसीमधल्या प्रोफाइल-डी डिरेक्टरीत (तिथल्या फाइली लॉगिन करताना शेल वाचतो) एक फाइल टाका आणि विषय संपवा. नावाच्या शेवटी डॉट-एसएच हवंच, नाहीतर ती वाचलीच जात नाही. परवानगी 644 (सगळ्यांना वाचता येईल अशी) पुरे, एक्झिक्यूट बिट लागत नाही. ऑप्टमध्ये आवृत्तीचा आकडा नसलेली ‘जेडीके’ नावाची सिमलिंक करा आणि जावा-होम तिच्याकडे वळवा. 17 वरून 21 वर जाताना फक्त लिंक बदलते.

आणि हो, सिमलिंकने सगळं भागत नाही. काही लाँच स्क्रिप्ट स्वतःच्या जागेवरून लिब डिरेक्टरी शोधतात. लिंकमधून चालवल्या की त्या यूएसआर-लोकलमध्येच चाचपडत बसतात.

शेलबंद
तुमची ‘जेडीके’ लिंक रॅपरमध्येही चालते की! शिवाय प्रोफाइल-डी लॉगिन शेलपुरतं. फिश शेल ते वाचत नाही, झेडएसएच शेलचं डिस्ट्रोवर (लिनक्सच्या प्रकारावर) अवलंबून. सुडोचं (रूट म्हणून कमांड चालवण्याचं) तर विचारूच नका: त्याची एन्व्ह-रीसेट सेटिंग तुमचे व्हेरिएबल पुसतो आणि सिक्युअर-पाथ तुमच्या पाथच्या जागी स्वतःचा बसवतो.

नवशिका
मग ईटीसीतली एन्व्हायर्नमेंट फाइलच का नको? एक ओळ, सगळ्यांना लागू.

प्रोफाइलवाला
चालेल, पण ती शेलची स्क्रिप्ट नाही. तिला पॅम (लॉगिन तपासणारी यंत्रणा) वाचतं, तेही लॉगिनच्या वेळी. तिथे पाथच्या ओळीत डॉलर-पाथ लिहिलंत तर त्याचा विस्तार होत नाही, तीच अक्षरं जशीच्या तशी पाथमध्ये जातात. पुढच्या लॉगिनला एलएस केलं तरी ‘कमांड सापडली नाही’. तेव्हा या फाइलमध्ये फक्त साधी, पूर्ण लिहिलेली मूल्यं.

डीमनमित्र
तुम्ही सगळे लॉगिन करणाऱ्या माणसाचाच विचार करताय. सिस्टमडीची (पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्राम सांभाळणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस प्रोफाइल-डी वाचत नाही आणि एरवी ती एन्व्हायर्नमेंट फाइलही नाही. सिस्टमसीटीएल एडिट आणि पुढे सर्व्हिसचं नाव द्या, सर्व्हिस सेक्शनमध्ये एन्व्हायर्नमेंटची ओळ लिहा, मग रीस्टार्ट. पॅकेजची मूळ युनिट फाइल (सर्व्हिसची सेटिंग असलेली) हाताने बदलू नका, अपडेट आलं की तुमचा बदल गेला.

पासवर्ड त्या ओळीत नकोच, सिस्टमसीटीएल शो केलं की मशीनवरच्या कोणालाही दिसतो. तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, मालक रूट, परवानगी 600 (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी), आणि युनिटमध्ये एन्व्हायर्नमेंटफाइलने तिचा पाथ द्या.

लागू झालं की नाही ते इको करून कळत नाही, इको तुमच्या शेलचं सांगतं. प्रॉक खाली त्या प्रोसेसच्या पीआयडीच्या (प्रोसेस क्रमांकाच्या) डिरेक्टरीत एन्व्हायरन फाइल असते, ती बघा. नोंदी नल कॅरॅक्टरने जोडलेल्या असतात, टीआर कमांडने त्यांच्या ओळी करून घ्या. प्रोसेस सुरू होताना जे मिळालं तेच तिथे दिसतं, त्यामुळे रीस्टार्ट राहिला असेल तर लगेच उघडं पडतं.

शेलबंद
सर्व्हिसबद्दल वाद नाही. माझा खरा राग एलडी-लायब्ररी-पाथवर (प्रोग्रामने लायब्ररी आधी कुठे शोधायच्या ते सांगणाऱ्या व्हेरिएबलवर) आहे. विक्रेत्याच्या सूचना वाचून लोक तो प्रोफाइल-डीमध्ये टाकतात. मग त्या सॉफ्टवेअरसोबत आलेली जुनी सी-प्लस-प्लस लायब्ररी सगळ्यांच्या गळ्यात पडते आणि भलताच प्रोग्राम जीएलआयबीसीएक्सएक्सची (त्याच सी-प्लस-प्लस लायब्ररीची) अमुक आवृत्ती सापडत नाही म्हणून कोसळतो. त्यातून ओळीच्या शेवटी कोलन (डिरेक्टरी वेगळ्या करणारं चिन्ह) आणि मग जुनं मूल्य जोडलेलं. जुनं मूल्य रिकामं असेल तर उरतो नुसता कोलन, आणि रिकामी जागा म्हणजे चालू डिरेक्टरी. टेम्पमध्ये उभं राहून कमांड दिलीत तर तिथे कोणीही ठेवलेली लायब्ररी लोड होऊ शकते.

नवशिका
मग एलडी-एसओ-कॉन्फ-डीमध्ये (लायब्ररींच्या जागांची यादी असलेल्या डिरेक्टरीत) पाथ टाकून एलडीकॉन्फिग (ती यादी लागू करणारी कमांड) चालवलं तर?

शेलबंद
तेही सगळ्या मशीनला लागू. लायब्ररी खरंच सगळ्यांसाठी असेल तर ठीक. सॉफ्टवेअरने स्वतःपुरत्या आणलेल्या लायब्ररींना रॅपरच.

प्रोफाइलवाला
एलडी-लायब्ररी-पाथपुरता रॅपर मान्य. जावा-होम मात्र माझ्याकडे प्रोफाइल-डीमध्येच राहील.