एकच शेअर यादीत दोनदा, आलेखही कोसळलाय – मदत हवी आहे

चक्रवाढ (धागाकर्ता)
नमस्कार. पोर्टफोलिओ ट्रॅक करायच्या सॉफ्टवेअरमध्ये माझा एक शेअर दोनदा दिसायला लागलाय. एका नोंदीत ५० शेअर आहेत, ते बरोबर आहे. दुसऱ्या नोंदीत ४०० दिसतात आणि त्या नोंदीला आजचा भावच येत नाही. शिवाय आलेखात २०२१ मध्ये एका दिवसात ८७.५ टक्के घसरण दिसते. प्रत्यक्षात तेव्हा असं काहीही झालं नव्हतं आणि मी एकही शेअर विकला नव्हता. स्प्लिटची (कंपनीने ठरावीक प्रमाणात शेअरची संख्या बदलली त्याची) नोंद केली आहे, आयसिनही (शेअरचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) बदलून टाकला आहे. दोन्ही नोंदी एकत्र करायचं बटण कुठे असतं एवढंच सांगा. पूर्ण पोर्टफोलिओचा परतावा यामुळे चुकतोय आणि मला तो याच आठवड्यात हवाय.

जमाखर्च
कोणता शेअर? कोणतं सॉफ्टवेअर? भाव कुठून येतात? स्प्लिट साधं (एका शेअरचे अनेक) की रिव्हर्स (अनेक शेअरचा एक)? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग बटण कुठे आहे ते कसं सांगणार?

रानवाट
असलं सॉफ्टवेअर वापरूच नका. मी बरीच वर्षं स्प्रेडशीट वापरतो. एक रकाना तारखेचा, एक संख्येचा, एक भावाचा. स्प्लिट झालं की आधीच्या ओळींमधली संख्या गुणायची, भाव भागायचा, काम संपलं. आपला हिशोब दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

शेवंती
८७.५ टक्के हा आकडाच बोलतोय. शंभरातून ८७.५ गेले की १२.५ उरतात, म्हणजे एक अष्टमांश. ४०० आणि ५० चं गुणोत्तरही तेच. हे आठास एक असं रिव्हर्स स्प्लिट आहे आणि वर्ष २०२१. जनरल इलेक्ट्रिक का?

चक्रवाढ
हो, जीईच. सॉफ्टवेअर डेस्कटॉपवरचं आहे, मुक्तस्रोत, फाइल माझ्याच संगणकावर राहते. नावावरून वाद नको, सगळीकडे हीच अडचण येईल. भाव इंटरनेटवरच्या मोफत स्रोतातून आपोआप येतात. आता बटण सांगा.

नोंदवही
बटण शोधत बसू नका. सरळ मार्ग आहे. जुन्या आयसिनचे ४०० विकले अशी नोंद करा, त्याच तारखेला नव्या आयसिनचे ५० घेतले अशी नोंद करा. मी कायम असंच करतो, कधी अडलं नाही.

दिगंत
नोंदवही, क्षमा करा, पण हा सल्ला घातक आहे. न झालेली विक्री नोंदवली की न झालेला नफा किंवा तोटा जन्माला येतो. खरेदीची तारीख पुसली जाते, आणि शेअर किती काळ ठेवला यावर कर ठरत असेल तिथे तो हिशोब पूर्ण बिघडतो. आधीची खरेदी आधी विकली असं धरणाऱ्या पद्धतीत तर पुढची प्रत्येक विक्री चुकीच्या खरेदीशी जोडली जाते.

नोंदवही
विक्री खरेदीच्याच भावाने दाखवायची, मग नफा शून्य येतो.

दिगंत
नफा शून्य येईल, तारीख परत येणार नाही. आणि चार वेळा वेगवेगळ्या भावाने खरेदी केली असेल तर कोणता भाव घ्याल? सरासरी घेतलीत की चारही तुकड्यांची स्वतंत्र ओळख गेली.

कोडकार
मूळ दोष रचनेत आहे. सॉफ्टवेअरने प्रत्येक शेअरला स्वतःचा अंतर्गत क्रमांक द्यायला हवा, जो कधीही बदलत नाही. आयसिन, टिकर (बाजारातलं छोटं सांकेतिक नाव), कंपनीचं नाव हे सगळं त्याला 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं लटकवलेलं असावं. आयसिनलाच मुख्य किल्ली केलं की तो बदलताच शेअर दुभंगतो. टिकरला किल्ली केलं तर त्याहून वाईट. २०१४ मध्ये गूगलने क वर्गाचे बिनमताधिकाराचे शेअर वाटले तेव्हा 'गूग' हे टिकर अ वर्गाकडून काढून क वर्गाला दिलं आणि अ वर्गाला 'गूगल' मिळालं. ज्यांची यादी टिकरवर चालत होती त्यांच्याकडे जुन्या नोंदीखाली दुसऱ्याच शेअरचा भाव यायला लागला. 'मेटा' टिकरचंही तसंच. फेसबुकने जून २०२२ मध्ये ते घेतलं, पण जानेवारीपर्यंत ते एका ईटीएफचं (शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड) होतं. फेसबुकचा आयसिन मात्र तोच राहिला.

मधली_सुट्टी
स्प्लिटने घाबरू नका, त्याने मालमत्ता कमी होत नाही. ॲपलचं २०१४ मध्ये एकास सात आणि २०२० मध्ये एकास चार झालं, म्हणजे २०१३ च्या एका शेअरचे आता २८ आहेत. एनव्हिडियाचं २०२४ मध्ये एकास दहा झालं. चांगल्या कंपन्याच स्प्लिट करतात, शेअर ठेवून द्या.

जमाखर्च
मधली_सुट्टी, शेअर ठेवू की विकू हा धाग्याचा प्रश्नच नाही.
चक्रवाढ, जीईची हकीकत सांगतो, म्हणजे आयसिन का बदलला ते कळेल. अमेरिकी शेअरचा आयसिन म्हणजे पुढे देशाची दोन अक्षरं, मध्ये नऊ अंकी-अक्षरी क्युसिप आणि शेवटी एक ताळ्याचा अंक, असे बारा. साध्या स्प्लिटमध्ये तिथे बहुधा क्युसिप बदलत नाही, ॲपलचा बदलला नाही. रिव्हर्स स्प्लिटमध्ये बदलतो. जीईचा ३६९६०४१०३ होता, ऑगस्ट २०२१ पासून ३६९६०४३०१ झाला. सिटीग्रुपचं २०११ मध्ये दहास एक झालं तेव्हाही बदलला होता. भारतात उलट आहे, दर्शनी मूल्य फोडणारं साधं स्प्लिटही आयसिन बदलतं, बोनस मात्र बदलत नाही. त्यामुळे 'स्प्लिट झालं की आयसिन बदलतो का' याचं सगळीकडे चालेल असं एक उत्तर नाही.

शेवंती
माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही म्हणता आयसिन बदलून टाकला. मग जुन्या आयसिनची नोंद परत आली कुठून? ती आधीपासून होती की अलीकडे उगवली?

चक्रवाढ
अलीकडे. खरेद्या मी पूर्वी हाताने भरल्या होत्या. आता लाभांश यावेत म्हणून ब्रोकरची २०१९ आणि २०२० ची जुनी पीडीएफ विवरणं आयात केली. त्यानंतर हे सुरू झालं.

शेवंती
मग उलगडा झाला. आयात करताना सॉफ्टवेअर पीडीएफमधला आयसिन यादीत शोधतं. जुन्या विवरणात जुना आयसिन आहे आणि तुमच्या यादीत तो आता कुठेच नाही, म्हणून त्याने नवा शेअर तयार केला आणि त्याखाली ४०० ची खरेदी घातली. ही तुमचीच खरेदी आहे, दुसऱ्यांदा आलेली. दुबार नोंद ओळखणारी तपासणीही फसली, कारण तिच्या दृष्टीने शेअरच वेगळा आहे.
म्हणून दोन्ही नोंदी एकत्र करू नका. एकत्र केल्यात तर ४५० शेअर होतील. जुन्या नोंदीतल्या खरेद्या पुसा, फक्त लाभांश नव्या नोंदीकडे वळवा, मग रिकामी झालेली नोंद काढून टाका. त्याआधी फाइलची प्रत बाजूला ठेवा.

नोंदवही
लाभांश ४०० शेअरवरचा आहे आणि नव्या नोंदीत ५०च आहेत. तो बसणार कसा?

दिगंत
एकूण रक्कम तीच राहते, म्हणून बसतो. त्या काळात जीई तिमाहीला शेअरमागे एक सेंट देत होती. ४०० गुणिले ०.०१ म्हणजे ४ डॉलर. स्प्लिटनंतर शेअरमागे आठ सेंट झाले, ५० गुणिले ०.०८ म्हणजेही ४ डॉलर. नोंदीत संख्या ५० करा, रक्कम ४ च ठेवा, ताळा जुळतो. संख्या तशीच ४०० ठेवली तरी एकूण परतावा चुकत नाही, फक्त शेअरमागचा लाभांश सॉफ्टवेअर चुकीचा दाखवेल.

चक्रवाढ
खरेद्या पुसल्या, लाभांश वळवले, नोंद काढली. आता शेअर एकदाच दिसतोय, ५०. पण ८७.५ टक्क्यांची घसरण तशीच आहे.

रानवाट
म्हणूनच म्हटलं होतं, स्प्रेडशीट.

शेवंती
रानवाट, स्प्रेडशीटमध्येही आजचा भाव बाहेरूनच आणता ना? मग पुढची अडचण तुम्हालाही लागू आहे.
चक्रवाढ, स्प्लिटची नोंद करताना 'जुने भावही बदला' अशी खूण केली होती का? आणि ३० जुलै २०२१ चा भाव आता सॉफ्टवेअरमध्ये किती दिसतो? प्रत्यक्ष बाजारात त्या दिवशी तो १३ डॉलरच्या जरासा खाली बंद झाला होता.

चक्रवाढ
खूण केली होती, ती आपोआपच असते. भाव ५१६ च्या आसपास दिसतोय.

शेवंती
मोफत भाव देणारे बहुतेक स्रोत जुने भाव स्प्लिटनुसार आधीच बदलून देतात. त्यावर सॉफ्टवेअरने पुन्हा आठने गुणलं. संख्या एकदा बदलली, भाव दोनदा बदलले, म्हणून स्प्लिटच्या आदल्या दिवशीपर्यंत तुमची मालमत्ता आठपट दिसते आणि दुसऱ्या दिवशी एक अष्टमांश होते. त्या शेअरचे जुने भाव पूर्ण पुसा आणि स्रोतातून नव्याने आणा. स्प्लिटच्या खिडकीत परत जाऊ नका, संख्या बरोबर आहे.
प्रत्येक वेळी तीनच गोष्टी बघायच्या असतात, व्यवहारातली संख्या, जुने भाव आणि ओळखक्रमांक. यातलं कोणतं आधीच कुणी बदललंय ते स्प्लिट नोंदवण्याआधी पाहायचं. स्प्लिटपूर्वीचा एखादा दिवस निवडून विवरणातला भाव आणि सॉफ्टवेअरमधला भाव शेजारी ठेवले की लगेच कळतं.

दिगंत
शेवंती यांचं निदान अचूक आहे, पण एक धागा सुटतोय. ५१६ ला ८ ने भागलं तर ६४.५ येतात. नुसतं स्प्लिट धरलं तर १३ गुणिले ८ म्हणजे १०४ यायला हवेत. हा फरक डीमर्जरचा, म्हणजे कंपनीचा एक भाग तोडून वेगळी कंपनी केल्याचा आहे. जीईने जानेवारी २०२३ मध्ये जीई हेल्थकेअर वेगळी केली, तीन शेअरमागे एक दिला. एप्रिल २०२४ मध्ये जीई व्हर्नोव्हा, चार शेअरमागे एक. काही स्रोत डीमर्जरलाही स्प्लिटसारखंच वागवतात आणि आधीचे सगळे भाव तेवढ्या प्रमाणात खाली ओढतात.

चक्रवाढ
भाव नव्याने आणले. घसरण गेली, आलेख सरळ आहे. ३० जुलैला खरंच ६४.५ च्या आसपास दिसतंय. हेल्थकेअरचे १६ आणि व्हर्नोव्हाचे १२ शेअर मी आलेल्या तारखेला शून्य किमतीला आले असे भरले आहेत. उरलेल्या अपूर्णांकाचे पैसे रोख मिळाले, तेही भरलेत. मग आता परतावा बरोबर समजू का?

दिगंत
नाही. तुम्ही डीमर्जर वेगळ्या नोंदीने दाखवलंत, आणि स्रोताने तेच भावातूनही वजा केलंय. २०२१ मध्ये तुमचे ५० शेअर ५,२०० डॉलरच्या आसपास होते, आलेख ३,२२५ दाखवतोय. त्यात नवे २८ शेअर आकाशातून पडल्यासारखे येतात. एकूण गुंतवणूक आणि आजची किंमत यांच्यावरून काढलेला वार्षिक परतावा ठीक येईल. मधल्या कोणत्याही कालखंडाचा मात्र चुकेल, २०२२ चा किंवा २०२३ चा वेगळा काढलात तर.

कोडकार
उपाय. एप्रिल २०२४ च्या आधीचे भाव सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) काढा. डीमर्जर न वजा केलेला भाव आणि स्रोताचा भाव यांचं गुणोत्तर काढा, खरा भाव विवरणातून मिळतो. २०२३ च्या आधीसाठी ते १.६ च्या आसपास येईल, जानेवारी २०२३ ते एप्रिल २०२४ साठी सव्वाच्या आसपास. त्या त्या तुकड्याला गुणा, परत आयात करा आणि त्या शेअरचा आपोआप भाव आणणारा दुवा जुन्या तारखांना हात लावत नाही ना ते तपासा, नाहीतर पुढच्या वेळी सगळं पुन्हा पुसलं जाईल.

जमाखर्च
आणि मूळ खरेदीची किंमत तिन्ही कंपन्यांत वाटायची राहिलीच. दोन्ही नव्या कंपन्यांचे शेअर शून्य किमतीला धरले तर ते विकताना सगळा नफाच दिसेल. डीमर्जरच्या वेळच्या बाजारभावाच्या प्रमाणात मूळ किंमत वाटतात. कंपनी गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर त्याचं पत्रक देते, ते शोधा आणि तुमच्या कराच्या नियमाशी ताडून घ्या.

चक्रवाढ
पत्रक मिळालं, दोन्ही डीमर्जरचं. आज भाव दुरुस्त करतो. शेवंती, दिगंत, कोडकार, जमाखर्च, मनापासून आभार. अजून २०१८ ची विवरणं आयात करायची आहेत, त्यातही जुनाच आयसिन असणार. ती कशी करू?

शेवंती
आयातीच्या खिडकीत व्यवहार पक्के करण्याआधी 'नवा शेअर तयार करा' च्या जागी यादीतला शेअर निवडता येतो का ते पाहा. येत असेल तर जीई निवडा, आणि खरेद्यांची खूण काढून फक्त लाभांश घ्या. येत नसेल तर तात्पुरता जुना आयसिन परत भरा, आयात करा, मग नवा भरा. शेअरच्या टिपेत दोन्ही आयसिन आणि बदलाची तारीख लिहून ठेवा.

वाटसरू२
उत्तम धागा, वाचनखूण साठवली. अवांतर: माझ्याकडे एका फंडाचं दुसऱ्यात विलीनीकरण झालंय, युनिटांची संख्याही अपूर्णांकात बदलली आणि जुन्या फंडाचा भाव बंद झाला. त्यालाही स्प्लिट म्हणून भरू का?

दिगंत
वाटसरू, नवा धागा काढा. त्यात विलीनीकरणाची तारीख, दोन्ही फंडांचा त्या दिवशीचा भाव, आधीची आणि नंतरची युनिटं हे चारही आकडे पहिल्याच प्रतिसादात द्या.