चर्च बदललं तर टिकेल, की बदललं म्हणून ओस पडेल?

मागचा_बाक (धागाकर्ता)
२०२४ मध्ये अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने समलिंगी पाळकांवरची (पाद्रींवरची) बंदी उठवली. १९८४ पासूनची होती ती. पण याच वादापायी २०१९ ते २०२३ दरम्यान तिथल्या साडेसात हजारांवर मंडळ्या (स्थानिक चर्च), म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, बाहेर पडल्या होत्या. तेव्हापासून एकच पालुपद ऐकतोय: प्रागतिक झालात की घर फुटतं.

मग अमेरिकेतल्याच जुन्या वळणाच्या सदर्न बॅप्टिस्ट पंथाचं काय? ते तर तसूभर हलले नाहीत. बाईला पाळक केलं म्हणून २०२३ मध्ये त्यांनी आपल्यातलं एक अवाढव्य चर्च बाहेर काढलं. तरी त्यांची सभासदसंख्या २००६ मधल्या १ कोटी ६३ लाखांवरून आता १ कोटी ३० लाखांच्या खाली आहे. ओहोटी दोन्ही किनाऱ्यांना लागलीय. मग निदान माणसांना दाराबाहेर तरी ठेवू नका, एवढंच माझं म्हणणं.

खडू_फळा
आकड्यांचं सोडा. एका अंत्यविधीला गेले होते. पाळक नव्या विचारांचे, बोलायला गोड. म्हणाले, पुनरुत्थान, म्हणजे येशूचं मेलेल्यांतून उठणं, हे रूपक आहे, आशेचं प्रतीक आहे. विधी संपल्यावर गेलेल्या माणसाच्या बायकोने हातातला रुमाल घडी घालता घालता त्यांना विचारलं, "मग हे आता कुठे आहेत?" पाळकांना उत्तर देता आलं नाही. खांद्यावर हात ठेवला, बस.

ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट, असं प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात सरळ लिहून ठेवलंय. गरिबांना जेवण आणि पर्यावरणावर व्याख्यान द्यायला चर्च कशाला हवं? ते काम करणाऱ्या संस्था आहेत की, आणि त्या ते आपल्याहून बरं करतात.

मागचा_बाक
त्या बाईंपुढे मीही गप्पच झालो असतो, कारण थडगं रिकामं होतं असं मीही मानतो! म्हणून सांगतो, दोन गाठोडी एकत्र बांधू नका. येशू उठला का, हा एक प्रश्न. वेदीपाशी कोण उभं राहू शकतं, हा दुसरा. पहिल्यावर विश्वास ठेवून दुसऱ्यात मोकळे असणारे पुष्कळ आहेत.

तिसरी_घंटा
गाठोडी दोन, पण गाठ एकच: पवित्र शास्त्राला शेवटचा शब्द मानायचं की नाही? एक वचन 'त्या काळापुरतं' म्हणून बाजूला ठेवलंत की पुढचं कुठल्या तोंडाने अडवणार? शिवाय भवितव्य म्हणताना तुम्ही अमेरिकेपलीकडे बघतच नाही. १९१० मध्ये जगातले दोन तृतीयांश ख्रिस्ती युरोपात होते. २०२० मध्ये युरोपात साधारण २२ टक्के आणि सहाराखालच्या आफ्रिकेत ३१ टक्के. २००३ मध्ये अँग्लिकन पंथाच्या अमेरिकेतल्या शाखेने, एपिस्कोपल चर्चने, उघडपणे समलिंगी असलेल्या जीन रॉबिन्सन यांना बिशप केलं, तेव्हा सर्वांत तीव्र विरोध आफ्रिकी अँग्लिकनांकडूनच झाला. उद्याचं चर्च त्यांचं आहे, आणि ते तुमच्या बाजूचं नाही.

मागचा_बाक
आफ्रिकेचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण 'शेवटचा शब्द' जरा जपून. सदर्न बॅप्टिस्ट १८४५ मध्ये वेगळे झाले ते गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी होऊ द्यावं म्हणून. हातात हेच पवित्र शास्त्र होतं आणि वचनंही तोंडपाठ होती. माफी मागितली १९९५ मध्ये. दीडशे वर्षं लागली! बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ उघडा. सुंता न झालेल्यांना, म्हणजे यहूदी नसलेल्यांना, मंडळीत घ्यायचं की नाही, यावर खुद्द प्रेषितांमध्ये खडाजंगी झाली आणि दार मोठं करायचं ठरलं.

तिसरी_घंटा
त्याच अध्यायात त्या नव्या लोकांना जारकर्मापासून, म्हणजे अनैतिक शरीरसंबंधांपासून, दूर राहायला सांगितलंय. अर्धाच अध्याय वाचायचा नसतो.

सोप्रानो_नाही
एरवी नुसती वाचते, आज राहवलं नाही. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षं आमच्या चर्चच्या गायनवृंदात होता. तो समलिंगी आहे हे कळल्यावर कुणी ओरडलं नाही की हाकललं नाही. पुढच्या महिन्याच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, इतकंच. आता तो फक्त नाताळला येतो. आई त्याच्यापुढे गीतांचं पुस्तक उघडून धरते, तो हळूच मिटवतो. सगळं पाठ आहे त्याला.

खडू_फळा
वाईट वाटलं वाचून, ताई. तरी विचारते, रागावू नका. पाळकांनी त्याला बसवून आधी काही विचारलं असेल ना? त्याचा विश्वास काय आहे, कसं जगायचं ठरवलंय?

सोप्रानो_नाही
नाही. त्याला कुणीच काही विचारलं नाही.