मदत हवी आहे: न बोललेला अर्थ एआय मॉडेलला कसा शिकवू?

मंडळी, नाशिकला एमएस्सी कॉम्प्युटर करतोय, प्रोजेक्टसाठी मराठी संवाद जमवतोय. म्हणजे एकाने विचारलं 'बुधवारी गंगेवर बाजाराला येतो का?' आणि दुसरा म्हणाला 'दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलंय', तर आपल्या नाशिककरांना (आपली गंगा म्हणजे गोदावरी, आणि तिच्या पात्रातल्या या मारुतीवरून आपण पुराची पातळी ओळखतो) लगेच कळतं की पूर आलाय आणि हा काय येत नाही, पण मॉडेल 'संबंध नाही' म्हणून मोकळं! इंडिक-एक्सएनएलआय म्हणून भारतीय भाषांचा एक डेटासेट आहे (एका वाक्यावरून दुसरं निघतं का हे तपासायचा), त्यात मराठी आहे पण ते इंग्रजीवरून मशीनने भाषांतर केलेलं, त्यात असलं बोलणं कुठून सापडणार.

तर संवादाला लेबल (उत्तराचा अर्थ काय ते) नुसतं हो, नाही, सांगता येत नाही एवढंच ठेवू की 'पूर आलाय' हा मधला दुवापण लिहून घेऊ? आणि लेबल लावणाऱ्या दोघांनी वेगवेगळा अर्थ लावला तर तो संवाद काढायचा का? सर म्हणतात काढ, मला नाही पटत, खरी गंमत तर तिथेच आहे ना. कोणी असं काम केलंय का?