आई-बाबांना डिस्नेलँडला कधी न्यावं, ऑक्टोबरात की नाताळात?

मिरजेची_लेक

नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचक असते, आज लिहायची वेळ आली. आई-बाबा सप्टेंबरच्या शेवटी येतायत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत मिरजेला. आम्ही सॅन होजेला. लेक साडेपाच वर्षांचा, त्याने वर्षभर डिस्नेलँड डिस्नेलँड करून डोकं खाल्लं आणि आम्ही "आजी-आजोबा आले की जाऊ हं" करत वेळ मारून नेली, आता ते खरंच येतायत त्यामुळे सुटका नाही.

तर प्रश्न असा की ॲनाहाइमला नेमकं कधी जायचं. हॅलोविनची सजावट असताना ऑक्टोबरात, की ख्रिसमसला? नवऱ्याला सुट्टी २५ डिसेंबर ते १ जानेवारी, तो म्हणतो तेव्हाच जाऊ, सगळे तेव्हाच जातात. (अरे सगळे जातात हाच तर प्रॉब्लेम आहे ना!) आईचे गुडघे दुखरे, वीस मिनिटं चालली की टेकायला जागा शोधते. बाबा ७३, ठणठणीत, पण त्यांचं फोनवर आत्तापासूनच सुरू झालंय की "रायगड तीनदा चढलोय मी, सिमेंटचा किल्ला बघायला एवढे पैसे कशाला, आणि सीनियर सिटिझनला सूट आहे का विचार." दोघं शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. आणि घट बसलेले असताना सांगाडे बघायला नेलंत म्हणून आई पुढची पाच वर्षं ऐकवेल अशी धास्ती आहे ती वेगळीच.

कोणी आई-वडिलांना किंवा सासू-सासऱ्यांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा. राइड्सची यादी नकोय, ती यूट्यूबवर ढिगाने पडलीय.

अर्वाइनकर

आधी यजमानांना सांगा, २५ ते १ विसरा. पार्क वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं, ख्रिसमसच्या दिवशीसुद्धा, आणि त्या आठवड्यात अख्खी दुनिया तिथे लोटते. तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो, सगळ्यात स्वस्त दिवस आणि हा आठवडा यात जवळजवळ दुपटीचा फरक. म्हणजे दुप्पट पैसे भरून निम्म्या गोष्टी बघायच्या. सीनियर सूट नाही, वडिलांना सांगून टाका. दहा वर्षांपुढे सगळे मोठेच, तीन ते नऊ लहान मुलाचं तिकीट, त्याच्या खाली फुकट. आणि तिकीट काढताना त्या तारखेचं रिझर्वेशन वेगळं लागतं का ते बघून घ्या.

माझं मत विचाराल तर नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण उरकला की शाळांना सुट्ट्या लागेपर्यंतचे जे दोन-अडीच आठवडे असतात ना, त्यातला मंगळवार-बुधवार. ख्रिसमसचं सगळं लागलेलं असतं, आत शिरल्यावरच्या मेन स्ट्रीटवर ६० फुटी झाड उभं असतं, स्मॉल वर्ल्ड या राइडवर लाखभर वाटावेत एवढे दिवे. फक्त डिसेंबरच्या सुरुवातीच्या ज्या वीकेंडला कँडललाइट प्रोसेशनल असतं तो टाळा. १९५८ पासूनची प्रथा आहे, मोठा कॉयर येतो, कोणीतरी नामवंत माणूस येशूजन्माची गोष्ट वाचतो, कार्यक्रम सुंदरच असतो पण मेन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा राहत नाही. गुडघेवाल्या माणसाचं काम नाही ते.

आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा स्वस्त दिसतो म्हणून फसू नका, तेव्हा हॅलोविन उतरवलेलं असतं आणि ख्रिसमस धड लागलेला नसतो. लग्नाच्या हॉलवर दोन लग्नांच्या मधल्या वेळात गेल्यासारखं.

बंड्या_बे_एरिया

अर्वाइनकरांना +१००. आम्ही तो शहाणपणा केलाय, २८ डिसेंबरला गेलो होतो, कारण तेच, सुट्टी तेव्हाच होती. चूक सर्वस्वी आमची. सकाळी हॉटेलवर आरामात नाश्ता करून अकराला पोचलो (इथेच सगळं संपलं), आणि दुपारी चारपर्यंत दोन राइड. दोन! वर सासरे हरवले. फोन त्यांचा हॉटेलवर चार्जिंगला. तासभर आमची पळापळ, बायको रडायच्या बेतात, आणि बाबा सापडले कुठे तर आगगाडीत. भुसावळला रेल्वेत आयुष्य गेलेलं, कोळशाच्या इंजिनांवर उमेदवारी केलेली, आणि डिस्नेलँडची गाडी खऱ्या वाफेच्या इंजिनावर चालते हे कळल्यावर माणूस उतरायलाच तयार नाही. चार स्टेशनं, एक फेरी वीसेक मिनिटांची, यांच्या तीन झाल्या होत्या. एक इंजिन १८९४ चं आहे, बाल्डविन कंपनीने बनवलेलं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, ड्रायव्हरशी बोलून आले होते. इंग्रजी कुठल्या भाषेत बोलले देव जाणे. आता ती इंजिनं बायोडिझेलवर पाणी तापवतात त्यामुळे "धुराला तो वास नाही" एवढी एकच तक्रार.

मुद्दा काय, तुमच्या बाबांना किल्ला दाखवूच नका पहिला. तो ७७ फूट आहे फक्त, फोटोत बघून सगळ्यांना वाटतं केवढा असेल आणि समोर गेलं की "एवढाच?" होतं. रायगडवाल्याला गाडीत बसवा आधी.

ताराबाईंची_सून

अगं मी वेगळं सांगते, ऑक्टोबरातच ने.

माझ्याही सासूबाईंना भुतं वगैरे आवडत नाहीत, मला पण हीच धास्ती होती. आम्ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो, त्याच वर्षी मामंजी गेले होते, त्यामुळे घरात सण असा नव्हताच, पोरांसाठी म्हणून निघालो. मेन स्ट्रीटवर शिरल्या शिरल्या मिकीच्या तोंडाचा अवाढव्य भोपळा, वर खिडक्याखिडक्यांतून भोपळे, त्या म्हणाल्या "एवढ्या लाल भोपळ्याचे घारगे किती झाले असते." बरं गेलं इथपर्यंत. मग फ्रंटियरलँडकडे वळलो आणि तिथे मेक्सिकन लोकांच्या दिया दे लोस मुएर्तोसचा देखावा मांडलेला असतो, पायऱ्यापायऱ्यांचं मखर, त्यावर गेलेल्या माणसांसाठी पाव, फळं, मेणबत्त्या आणि सगळीकडे झेंडू. सांगाडे पण होते, गिटार वाजवणारे, हसरे. मला वाटलं आता तोंड फिरवणार. तर त्या पुढे जाऊन एक फूल बोटांनी चाचपून बघतायत. "कागदाचं आहे गं. पण रंग बरोबर आहे."

मी त्यांना सांगितलं की हे त्यांच्याकडचं पितरांचं असतं, जेवण मांडतात, आवडीचं ठेवतात. तर म्हणाल्या मग त्यात घाबरायचं काय, आपण कावळ्याला ठेवतो, हे फोटोपुढे ठेवतात. झेंडू मुळात मेक्सिकोतूनच आपल्याकडे आलाय हे नवऱ्याने सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा विश्वास बसला नाही, अजूनही नाही.

त्यानंतर शेजारच्या डिस्नेच्याच दुसऱ्या पार्कात, कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये गेलो, तिथे प्लाझा दे ला फामिलिया म्हणून भाग करतात त्या दिवसांत, गेलेल्या माणसाला चार ओळी लिहून भिंतीवर लावता येतात. त्यांनी पेन मागितलं. दोन ओळी लिहिल्या, मोडी वळणाचं त्यांचं ते अक्षर, काय लिहिलं मी वाचलं नाही. आजूबाजूला सगळं इंग्रजी-स्पॅनिश आणि मध्ये ते एक मराठी. मग बाकावर बसून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या चला आता पोराला कुठे न्यायचंय ते न्या.

त्यामुळे मला ख्रिसमसचं कौतुक आहेच पण आमच्या घरात डिस्नेलँड म्हटलं की तो झेंडू आठवतो.

प्रॅक्टिकल गोष्टी: ऑक्टोबरात तिथे कडक ऊन असू शकतं, तिशीच्या वर सहज जातं, टोपी आणि सुती कपडे. व्हीलचेअर गेटपाशी भाड्याने मिळते, आई नको म्हणेल, तरी घे, दुपारनंतर स्वतःहून बसेल. आणि पार्कातल्याच सिटी हॉलमध्ये जाऊन "पहिली भेट" चा बिल्ला माग, फुकट असतो. सासूबाईंनी तो पदरावर मंगळसूत्राच्या बाजूला टाचला होता आणि दिवसभर तिथली कामाची मुलं-मुली त्यांना थांबवून वेलकम वेलकम करत होती. तो बिल्ला आता कोल्हापूरला देवघराच्या खणात आहे.

मिरजेची_लेक

ताराबाईंची सून, वाचताना डोळ्यांत पाणी आलं गं. आणि बंड्या, बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, "१८९४ चं इंजिन" ऐकून दोन मिनिटं गप्प होते, सिमेंटचा विषय परत निघालेला नाही.

आता एक शंका. साडी नेसून गेलेलं चालतं ना? मोठ्यांना कॉस्च्युम घालून येऊ देत नाहीत असं कुठेतरी वाचलं, आई नऊवारी नेसते. आणि ती ऊगी बूगी बॅश की काय, संध्याकाळची पार्टी, ती घ्यावी का?

अर्वाइनकर

नऊवारी कॉस्च्युम थोडीच आहे! नियम १४ वर्षांपुढच्यांनी राजकन्या-बिजकन्या बनून येऊ नये असा आहे, म्हणजे लहान मुलांना खरी-खोटी कळेना व्हायला नको. बिनधास्त नेसू दे. फक्त बोटीत चढता-उतरताना काठ सांभाळा.

ऊगी बूगीचं तिकीट वेगळं असतं, ठरावीक रात्री, विक्री सुरू झाली की बघता बघता संपतं. तिथे मोठ्यांनाही वेष चालतो. पण मुख्य कार्यक्रम म्हणजे पिशवी घेऊन गोळ्या गोळा करत हिंडणं, आणि तुमच्याकडे शाकाहारी घर, अर्ध्या गोळ्यांत जिलेटिन. आम्ही रात्री हॉटेलच्या पलंगावर पाकिटं वाचत दोन ढीग केले होते, तांदूळ निवडल्यासारखे. आई-बाबांसोबत नको, पुढे कधीतरी.

ऑक्टोबर की डिसेंबर ठरत नसेल तर एक गंमत सांगतो, हाँटेड मॅन्शनमध्ये दोन्ही एकत्र मिळतं. २००१ पासून दर वर्षी सप्टेंबरच्या आसपास तो भुताचा वाडा जॅक नावाचा सांगाडा ख्रिसमससाठी सजवून टाकतो आणि ते जानेवारीपर्यंत राहतं. आत मेजवानीच्या टेबलावर जिंजरब्रेडचं घर असतं, दर वर्षी नवीन डिझाइनचं. भीती अशी नाहीच, आपल्या जत्रेतल्या भूतबंगल्यापेक्षा सौम्य. सरकत्या खुर्चीत बसून फिरायचं, गुडघ्यांना आराम. मॅटरहॉर्नला मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी आई-बाबांना बसवू नका, १९५९ ची राइड आहे, पाठीचा खुळखुळा होतो.

स्नूपीवाला

सगळे डिस्नेच्या मागे. नॉट्स बेरी फार्म कोणी का सांगत नाही? ब्यूना पार्कात, तिथून दहा-पंधरा मिनिटांवर. तिकीट बरंच स्वस्त. डिसेंबरात त्याचं नॉट्स मेरी फार्म होतं, जुन्या घोस्ट टाउनच्या गल्ल्यांत हस्तकलेचे स्टॉल, स्नूपी सांता बनतो, लहान पोरांसाठी कॅम्प स्नूपी आहेच. आणि चालायला कमी. मूळचं बेरीचं शेत आणि फळांचा स्टॉल होता तो, नॉटबाई १९३४ मध्ये चिकनची ताटं वाढायला लागल्या आणि रांगेतल्या लोकांना वेळ घालवायला म्हणून घोस्ट टाउन उभं केलं, त्यातून पार्क झालं. म्हणजे खानावळीचं पार्क. २५ डिसेंबरला मात्र बंद असतं हां. आणि ऑक्टोबरात संध्याकाळी चुकूनही नको, त्यांचं स्केरी फार्म १९७३ पासूनचं आहे आणि खरंच घाबरवतात, माणसं सांदीकोपऱ्यातून अंगावर येतात.

सदाशिव_पेठी

पुण्यात बसून वाचतोय. दिवाळीत काही नसतं का तिकडे? की फक्त त्यांचेच सण?

ताराबाईंची_सून

असतं की. कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये फेस्टिव्हल ऑफ हॉलिडेज असतो, ख्रिसमस, ज्यूंचा हनुका, आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा क्वांझा आणि दिवाळीपण. पण तो सुरू होतो नोव्हेंबरच्या मध्याला, बहुतेक वर्षी आपल्या तुळशीच्या लग्नाच्या अक्षता पडून गेल्या की यांची दिवाळी. बॉलिवूड नाच असतो, आपली पोरं खूश होतात, मी पण नाचले खोटं कशाला बोलू. फराळ मात्र मनात आणायचा.

मिरजेची_लेक

ठरलं एकदाचं. डिसेंबरचा दुसरा आठवडा, मंगळवार आणि बुधवार, नवऱ्याने दोन दिवस रजा टाकली (कुरकुरत). ऑक्टोबरचं मन होतं पण बाबांना ऊन सोसत नाही. सासूबाईंच्या झेंडूची गोष्ट आईला सांगितली, ती म्हणाली पुढच्या वेळी. म्हणजे पुढची वेळ आहे हेही कळलं 😀

रात्रीचा बर्फ पडतो म्हणतात तो खरा असतो का? आणि आई विचारतेय घरचं खायला नेता येतं का, ती दशम्या करणार आहे.

बंड्या_बे_एरिया

बर्फ साबणाचा फेस. आतषबाजी झाली की संगीत लागतं आणि छपरांवरून भुरभुर सुरू होतं. वारा जास्त असेल तर आतषबाजी रद्द करतात, त्यामुळे दोन दिवसांत एक रात्र तरी हाती लागावी. आमच्या सासूबाईंनी हातावर घेऊन चोळला आणि म्हणाल्या "चांगला फेस येतोय, कुठला साबण आहे?" रात्री थंडी असते, आठ-दहा डिग्री, स्वेटर आणि कानटोपी घ्या, दिवसा लागत नाही म्हणून हॉटेलवर ठेवून येऊ नका.

येताना-जाताना आय-५ हायवेवर कोलिंगापाशी काचा वर करा, गाईगुरांचा गोठा आहे मैलभर लांब, बाबांना मिरजेची आठवण येईल. आणि डिसेंबरात त्याच रस्त्यावरचा ग्रेपव्हाइनचा घाट बर्फाने कधीकधी बंद करतात, निघायच्या आधी बघा.

अर्वाइनकर

दशम्या खुशाल न्या, बाहेरचं खाणं चालतं. काचेचं काही नको, गेटवर बॅगा तपासतात. गरम जेवण हवं असेल तर संध्याकाळी आर्टेशियाला जा, पायोनियर बुलेव्हार्डवर आपलं भारतीय सगळं मिळतं, अर्ध्या तासात पोचाल.

जाताच आत फायर स्टेशनच्या वरच्या खिडकीकडे बघायला सांगा आईंना. वॉल्ट डिस्नेची छोटी खोली होती ती, त्याच्या आठवणीत तिथे दिवा कायम तेवत ठेवतात आणि नाताळात खिडकीत छोटंसं झाड असतं. आमच्या आईने न विचारता हात जोडले होते.

मिरजेची_लेक

काचेचं नाही चालत? आईने लिंबाच्या लोणच्याची बरणी बॅगेत भरलीसुद्धा, मिरजेत बसून, तीन महिने आधी. आज रात्री फोन करते, प्लास्टिकच्या डबीत काढ म्हणून.