घोटा बदलायचा की जाम करायचा?

वडिलांचा झिजलेला घोटा बदलून कृत्रिम सांधा बसवायचा की जाम करायचा (म्हणजे हाडं एकमेकांना जोडून सांध्याची हालचाल बंद करायची), असं तुम्ही विचारलंय. जाम केला तर ते कायमचे लंगडतील, अशी भीतीही तुम्हाला वाटतेय. माझ्या आईचा उजवा घोटा असाच स्क्रू टाकून जाम केलाय. सपाट रस्त्यावर चालताना कुणाला कळतही नाही, कारण पावलातले पुढचे सांधे थोडी हालचाल भरून काढतात. (त्यांच्यावर ताण वाढून पुढे तेही झिजू शकतात, हे डॉक्टरांना नक्की विचारा.) अडतं ते उतारावर आणि उकिडवं बसताना. भाजी निवडायला आता पाटाऐवजी स्टूल लागतं.

ब्रिटनमध्ये ३०३ रुग्णांवर 'टार्वा' नावाची चाचणी झाली, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले: एकाचा सांधा बदलला, दुसऱ्याचा जाम केला. वर्षभराने चालण्या-उभं राहण्यात दोन्ही गट बरेच सुधारले, त्यांच्यातला फरक ठोस नव्हता. बदललेल्यांत जखम भरायची तक्रार जास्त, तर जाम केलेल्यांपैकी काहींची हाडं जुळलीच नाहीत.

आणि हो, वडील बिडी-सिगारेट ओढत असतील तर ती आधी सोडवा. हाड जुळायला तिचा अडथळा होतो.