मदत हवी आहे : दोन एफएम वाहिन्यांवर गाणी तीच, मग दुकानाची जाहिरात कोणत्या वाहिनीवर द्यावी?

नमस्कार मंडळी,

फोंड्याच्या बाजारात आमचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. मखराच्या माळा, फोकस, पंखे आणि मिक्सर घ्यायला लोक चवथीच्या आधीच्या तीन आठवड्यांत बाहेर पडतात आणि आमचे वर्ष त्या तीन आठवड्यांवर उभे असते. यंदा प्रथमच रेडिओवर वीस सेकंदांची जाहिरात द्यायचे ठरवले असून, पणजीहून चालणाऱ्या दोन खाजगी एफएम वाहिन्यांचे प्रतिनिधी दरपत्रके ठेवून गेले आहेत. वाहिन्यांची नावे मुद्दाम लिहीत नाही. अडचण अशी की दोघींच्या गाण्यांत मला फरक सापडत नाही, आणि फरकच नसेल तर पैसे एकीकडे लावावेत, दोघींत वाटावेत की तेवढ्याच रकमेत वर्तमानपत्रात चौकट द्यावी, हे ठरत नाही.

हा केवळ माझ्या कानांचा भास नाही. गेल्या महिन्यात माल आणायला टेंपोतून पणजीला जात होतो. फर्मागुडी ओलांडल्यावर एका वाहिनीवर जाहिराती सुरू झाल्या, तशी चालकाने अंगठ्याने बटण दाबून दुसरी लावली, तर तिथेही जाहिरातीच. कुंडईपर्यंत त्याचा अंगठा पाच-सहा वेळा तरी चालला असेल. भोमला पोहोचताना, एका वाहिनीवर जे गाणे आम्ही अर्ध्यावर सोडले होते तेच दुसरीवर सुरुवातीपासून लागले, तेव्हा तो हसून म्हणाला, "पात्रांव, हांगाय तेंच!"

त्यानंतर मी दुकानात गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना दोन रेडिओ ठेवून वही घातली. एका शुक्रवारी सकाळी ९ ते ११ या वेळेत एका वाहिनीवर १९ आणि दुसरीवर २१ गाणी लागली. त्यांपैकी १३ गाणी दोन्हींकडे होती आणि एक गाणे तर चार मिनिटांच्या अंतराने दोन्हींकडे वाजले. (आमच्या सौभाग्यवतींच्या मते त्या दिवशी गल्ल्यात कमी पैसे जमले, ते याच वहीमुळे.)

माझा धाकटा भाऊ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. त्याने विचारले, जत्रेत सगळे खाजेवाले एकमेकांना खेटून का बसतात? मग स्पर्धक विक्रेते एकमेकांजवळच का जातात, याविषयीचा अर्थतज्ज्ञ हॅरल्ड हॉटेलिंगचा १९२९ चा निबंध आणि पीटर स्टायनरने १९५२ मध्ये खास रेडिओविषयीच मांडलेला विचार त्याने समजावला. समजा शंभर श्रोत्यांपैकी सत्तरांना नवी हिंदी गाणी हवी आहेत आणि तिसांना दुसरे काही. दोन वाहिन्यांनी सत्तर जण वाटून घेतले तर प्रत्येकीला पस्तीस मिळतात, आणि तिसांच्या आवडीचे लावणारीला तीसच. म्हणून दोघीही हिंदीच लावतात. तिसरी आली तर मात्र तिला सत्तरांतले तेवीस घेण्यापेक्षा ते तीस परवडतात. हे ऐकल्यावर मला आपल्याकडे इंग्रजी गाण्यांची वेगळी वाहिनी कशी चालते, ते प्रथमच उमगले.

हिशेब पटला, पण त्याने माझा प्रश्न सुटत नाही, उलट अवघड होतो. हे पस्तीस आणि पस्तीस खरोखर वेगळे लोक आहेत, की टेंपोचालकासारखे तेच सत्तर जण इकडून तिकडे फिरत असतात? दोन्ही प्रतिनिधी "गोव्यात आम्हीच पहिले" असे सांगतात. श्रोत्यांचे मोजमाप करणारी रॅम ही पद्धत मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता या चार महानगरांपुरतीच राहिल्यामुळे त्यांच्या आकड्यांत रॅमही नाही आणि रामही नाही. आमच्या बाबांना हा पेच कधी पडला नाही, कारण त्यांच्या उमेदीच्या काळात रेडिओ म्हणजे आकाशवाणी पणजी, एवढेच होते. कोणी गोव्यात रेडिओवर जाहिरात केली असेल किंवा रेडिओत काम केले असेल, तर निर्णय कसा घ्यावा, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

मी काही वर्षे एका खाजगी वाहिनीच्या संगीत विभागात होतो, म्हणून लिहितो. तुमच्या वहीतील साम्य नक्कल करून आलेले नसते. गाणी आरजे (कार्यक्रमाचा निवेदक) निवडत नाही; ती संगणकावरील वेळापत्रकातून येतात. नवी गाजणारी गाणी एका गटात, गेल्या वर्षा-दोन वर्षांतली दुसऱ्यात, जुनी तिसऱ्यात, आणि तासाच्या कोणत्या मिनिटाला कोणत्या गटातले गाणे लागेल, हे आधीच आखलेले असते. पहिल्या गटात मोजकीच गाणी असल्याने ती दर दोन-तीन तासांनी फिरून येतात. नवे चित्रपट दोघींना तेच, तर पहिला गट वेगळा कुठून होणार? शिवाय खाजगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत; फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते. वेगळेपण दाखवण्याचा तो एक हमरस्ताच बंद आहे.

तुमच्या भावाच्या हिशेबात एक भर घालतो. दोन्ही वाहिन्या एकाच मालकाच्या असत्या तर त्याने सत्तर जणांसाठी एक आणि तिसांसाठी एक चालवली असती, कारण स्वतःचेच श्रोते फोडून त्याला काय मिळणार? केंद्र सरकारच्या २०११ च्या एफएम धोरणाने एका शहरात एका मालकाला एकाहून अधिक वाहिन्या घेण्याची मुभा दिली, पण शहरातील एकूण वाहिन्यांच्या ४० टक्क्यांपर्यंतच आणि किमान तीन वेगळे मालक असतील तरच. तीन-चार वाहिन्यांच्या शहरात ४० टक्क्यांत दुसरी वाहिनी बसतच नाही.

जाहिराती एकाच वेळी लागतात, हेही तुम्ही अचूक टिपले आहे. अमेरिकेतील वाहिन्यांवर अर्थतज्ज्ञ अँड्र्यू स्वीटिंग यांचा २००९ चा अभ्यास आहे. प्रवासाच्या वेळी वाहिन्या एकाच सुमारास जाहिराती लावतात, असे त्यात दिसले. श्रोता पळाला तरी दुसरीकडे त्याला जाहिरातच भेटावी, हा त्यातला हेतू. तेव्हा प्रतिनिधीकडे जास्त स्पॉट (जाहिरात लागण्याच्या जागा) मागण्यापेक्षा जाहिरातींच्या प्रत्येक खंडातला पहिला स्पॉट मागा. अंगठा बटणापर्यंत पोहोचण्याआधी दुकानाचे नाव ऐकू गेले पाहिजे. पैसे एकाच वाहिनीवर लावा. श्रोते बव्हंशी सामाईक असतील, तर दोन्हींकडे थोडे थोडे देऊन कोणाच्याच लक्षात न राहण्यापेक्षा ते बरे. एका आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरी, असेही करून पाहता येईल.

प्रतिसाद २

शेवटची सूचना या दुकानदारांच्या कामाची नाही. चवथ जवळ येईल तशी विक्री आपोआप वाढणार, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यातली वाहिनी विनाकारण शहाणी ठरेल. दोन्हींवर द्यायचीच असेल तर एकाच काळात द्यावी आणि प्रत्येकीवर वेगळी सवलत सांगावी, म्हणजे गिऱ्हाईक काय मागतो त्यावरून तो कुठून आला ते कळेल.

आणि गाणी तीच असली तरी बोलणारी माणसे तीच नसतात. आमच्या घरी सकाळची वाहिनी ठरते ती आरजेवरून. आपली कोंकणी बोलून, कोणाच्या परसातला फणस पिकला इथपर्यंत चौकशी करणारा आवाज एकीकडे असेल, तर लोक गाण्यासाठी बटण बदलतील, पण त्याच्यासाठी परत येतील. याशिवाय तुमचे गिऱ्हाईक उसगाव, धारबांदोडा, सावर्डे या बाजूचे किती, ते आधी पाहावे. डोंगराआड कोणती वाहिनी खरखरते, हे दरपत्रकात लिहिलेले नसते. त्याच टेंपोतून एक चक्कर मारून यावी.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. टेंपोची चक्कर मारली. धारबांदोड्याच्या पुढे दोन्ही वाहिन्या जवळपास सारख्याच खरखरतात, त्यामुळे तिथेही फरक हाती लागला नाही. दरम्यान दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आठवडाभर "रेडिओ ऐकता का, आणि कोणता?" असे विचारत होतो. ऐकणारे पुष्कळ निघाले, पण वाहिनीचे नाव खात्रीने सांगणारे फार थोडे. बाकीच्यांचे उत्तर "गाड्येंत लागता तो" एवढेच होते. ज्यांनी नाव घेतले, त्यांतल्या बहुतेकांनी मात्र वाहिनीचे नव्हे, तर सकाळच्या एकाच आरजेचे घेतले.

म्हणून त्या एका वाहिनीवर, सकाळी ८ ते १०, खंडातला पहिला स्पॉट आणि जाहिरात कोंकणीत, एवढे मागितले. प्रतिनिधीने पहिल्या जागेसाठी दरावर पंचवीस टक्के जास्त लावले आहेत. असे जादा पैसे घेण्याची रीतच आहे, की घासाघीस करता येते? आणि लावलेला स्पॉट खरोखर पहिलाच लागला, याचा वेळेनिशी लेखी दाखला महिनाअखेरीस मागता येतो का? शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा आहे.