सांगली: नदीकाठच्या छोट्या बागेत कुठली झाडं टिकतील?

आमच्या गल्लीच्या टोकाला कृष्णेकडंला छोटी बाग आहे, संध्याकाळी म्हातारी माणसं आणि पोरं तिथंच असतात. २०१९ आणि २०२१ ला पाणी आलं, लॉन गाळाखाली गेलं, गुलमोहर पण गेला. आता गल्लीतली पोरं मिळून परत लावूया म्हणतोय, काय लावायचं?

घाटावरचा
लॉनच्या नादाला लागू नका दादा. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ लावा, ही नदीकाठचीच झाडं, थोडे दिवस पाण्यात राहिली तरी बहुतेक उभी राहतात. मात्र रोपं डोक्याएवढी तरी घ्या, लहान रोप गाळात गाडलं जातंच. आणि लावायचं ते पूर ओसरल्यावर, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत मुळं धरतील, उन्हाळ्यात पाणी तेवढं घाला.

सांगलीकर ताई
बाकडी दगडीच करा, आणि पेव्हर ब्लॉक नकोत, त्यांच्या खालची वाळू वाहून जाते आणि सगळे उचकटतात. गाळ फेकू नका हो, आळ्यात टाका, सोनं आहे ते.

घाटावरचा
ताई बरोबर, पण प्लास्टिक आणि काचा वेचून मगच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ धोक्याची, तुमच्या बागेत कितीला पाणी शिरतं ते आधी बघा, त्यावर खालच्या बाजूला काय लावायचं ते ठरेल.